इंग्रजी वाक्याचं पृथक्करण: उपवाक्यं कशी ओळखायची आणि कुठे लावायची

मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजी व्याकरणात सगळ्यात जास्त दबकतात ती क्लॉज ॲनालिसिसला, म्हणजे वाक्यातली उपवाक्यं (क्लॉज) वेगळी करून दाखवायला. काळ पाठ होतात, प्रयोग बदलता येतो, पण चार ओळींचं एकच वाक्य समोर आलं की पेन थांबतं. मीही मराठी शाळेतूनच आले, पुढे इंग्रजी घेऊन एम.ए. केलं आणि आता अभ्यासिकेत येणाऱ्या मुलांना हा भाग शिकवते. बी.ए.ला इंग्रजी विशेष विषय घेतलेल्यांना, बी.एड. करणाऱ्यांना, स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना आणि कायद्याचं इंग्रजी वाचावं लागणाऱ्यांना उपयोगी पडेल अशी ही कामाची पद्धत आहे.

सुरुवातीलाच माझं मत सांगते. उपवाक्यं मोजायची ती इंग्रजीच्या क्रियापदांवरून. त्या टप्प्यावर भाषांतर अजिबात करायचं नाही. पण मोजून झाल्यावर ‘हे उपवाक्य कोणतं काम करतंय’ हा प्रश्न येतो, तिथे मराठी फार मोलाची मदत करते. इंग्रजी एकाच ‘दॅट’मध्ये जे चार अर्थ दडवते, ते मराठी प्रत्ययांतून वेगवेगळे दाखवते. ही मदत न घेता नुसत्या व्याख्या घोकायला लावणं मला पटत नाही.

(उदाहरणं इथे देवनागरीत लिहिली आहेत. वहीत मात्र ती रोमन लिपीत उतरवून घ्या. स्पेलिंग आणि स्वल्पविराम दिसल्याशिवाय नीट सराव होत नाही.)

काय काय लागेल

- पेन्सिल, खोडरबर आणि दोन वेगळ्या रंगांची पेनं
- एका ओळीआड लिहिलेलं वाक्य, म्हणजे वर-खाली खुणा करायला जागा राहते
- सकर्मक-अकर्मक क्रियापद आणि क्रियापदाची तिन्ही रूपं दाखवणारा इंग्रजी शब्दकोश
- तुमच्या अभ्यासक्रमाची किंवा परीक्षेची जुनी प्रश्नपत्रिका. ही का लागते, ते पहिल्याच पायरीत कळेल.

१. आधी कोणती पद्धत मागितली आहे ते बघा

दोन पद्धती चालतात आणि त्या एकमेकींत मिसळल्या की उत्तर चुकतं. शाळेच्या जुन्या पद्धतीत काळ दाखवणारं क्रियापद, म्हणजे फायनाइट क्रियापद, असेल तरच शब्दसमूहाला क्लॉज म्हणतात. ‘टू गो’, ‘गोइंग’, ‘गॉन’ अशा धातुसाधितांभोवतीचा शब्दसमूह तिथे फ्रेज ठरतो. विद्यापीठात शिकवल्या जाणाऱ्या आधुनिक व्याकरणांत मात्र तोच समूह नॉन-फायनाइट क्लॉज म्हणून मोजला जातो. त्यामुळे एकाच वाक्याचं उत्तर शाळेत ‘दोन क्लॉज’ आणि एम.ए.ला ‘चार क्लॉज’ असं येऊ शकतं आणि दोन्ही बरोबर असतात.

जुनी प्रश्नपत्रिका काढून बघा. ‘सिंपल, कॉम्प्लेक्स, कंपाउंड’ ओळखायला सांगितलं असेल, तर पहिली पद्धत. ‘नॉन-फायनाइट’ हा शब्द प्रश्नात असेल, तर दुसरी. मी खाली पहिली पद्धत आधी घेतली आहे, कारण ती हाती आली की दुसरी त्यावर सहज चढवता येते.

२. फायनाइट क्रियापदांखाली रेघ मारा

सगळ्या कामाचा पाया हाच आहे, म्हणून इथे घाई करू नका. फायनाइट क्रियापद ओळखायच्या दोन कसोट्या आहेत. वाक्यातला काळ बदलून बघा: आजचं वाक्य कालचं केलं तर जो शब्द बदलतो, तो फायनाइट. किंवा कर्त्याचं वचन बदलून बघा: ‘ही गोज’चं ‘दे गो’ होतं, म्हणून ‘गोज’ फायनाइट. ‘कॅन, मे, मस्ट, शॅल, वुड’ यांसारखी मोडल्स कायम फायनाइट असतात.

क्रियापदांचा अख्खा गट एकच धरायचा. ‘मस्ट हॅव बीन स्टोलन’ हे चार शब्द मिळून एक क्रियापद. काळाचा भार त्यातला पहिला शब्द पेलतो, बाकीचे त्याच्या मागे चालतात.

आता राज्यघटनेचा अनुच्छेद २१ घ्या: ‘नो पर्सन शॅल बी डिप्राइव्ड ऑफ हिज लाइफ ऑर पर्सनल लिबर्टी एक्सेप्ट अकॉर्डिंग टू प्रोसिजर एस्टॅब्लिश्ड बाय लॉ.’ बरीच मुलं इथे दोन रेघा मारतात, ‘शॅल बी डिप्राइव्ड’खाली आणि ‘एस्टॅब्लिश्ड’खाली. काळ बदलून बघितलात, तर ‘शॅल’ची जागा दुसरा शब्द घेऊ शकतो, पण ‘एस्टॅब्लिश्ड’ जागचं हलत नाही. ते ‘प्रोसिजर’चं विशेषण आहे: कायद्यानं प्रस्थापित केलेली कार्यपद्धती. म्हणजे इतकं वजनदार वाक्य व्याकरणाच्या दृष्टीनं साधं, एका क्लॉजचं आहे. वाक्याची लांबी आणि क्लॉजची संख्या यांचा संबंध नसतो.

या पायरीवरचे सापळे:

*‘एड’ लागलेली रूपं.* नियमित क्रियापदांचा भूतकाळ आणि तिसरं रूप दिसायला सारखंच असतं. भाषाशास्त्रज्ञ थॉमस बेव्हर यांनी १९७० मध्ये मांडलेलं एक वाक्य यासाठी जगभर वापरतात: ‘द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल.’ वाचणारा ‘रेस्ड’ला मुख्य क्रियापद समजून पुढे जातो आणि ‘फेल’पाशी अडखळतो. इथे ‘रेस्ड’ म्हणजे ‘हू वॉज रेस्ड’. कोठारावरून पळवत नेलेला घोडा पडला, एवढंच वाक्य सांगतं. दोन फायनाइट क्रियापदं आहेत असं वाटतंय, पण त्यांना जोडणारं काहीच दिसत नाही, अशा वेळी त्यातलं एक फायनाइट नसण्याची शक्यता आधी तपासा.

*आज्ञार्थ.* ‘वेट हिअर’मध्ये कर्ता दिसत नाही, पण ‘यू’ गृहीत आहे. हा पूर्ण क्लॉज आहे.

*आदेश किंवा मागणीनंतरचं मूळ रूप.* ‘द कोर्ट ऑर्डर्ड दॅट ही बी रिलीज्ड.’ इथे ‘बी’ काळाप्रमाणे बदलत नाही, तरी त्याला स्वतःचा कर्ता आहे आणि आधी ‘दॅट’ आहे, म्हणून क्लॉज मोजायचा. न्यायालयीन इंग्रजीत हे रूप वरचेवर भेटतं.

३. दुवे शोधा आणि गणित जुळवा

उपवाक्याला दुसऱ्या वाक्याशी जोडणाऱ्या शब्दाला मी ‘दुवा’ म्हणते. त्यात ‘अँड, बट, ऑर’ आले, ‘बिकॉज, इफ, ऑल्दो, व्हेन’ आले आणि ‘हू, विच, दॅट, हूज’ ही संबंधी सर्वनामंही आली. दुव्यांना दुसऱ्या रंगानं गोल करा.

मग साधा हिशोब करा: जितकी फायनाइट क्रियापदं, त्याहून एक कमी इतके दुवे हवेत.

दुवे कमी पडले, तर एखादा लपलेला आहे. लपण्याच्या जागा ठरलेल्या असतात:

- ‘द बुक आय बॉट’: मधलं ‘दॅट’ किंवा ‘विच’ गाळलं आहे. दोन नामं किंवा नाम-सर्वनाम असे शेजारी शेजारी आले आणि मध्ये स्वल्पविराम नसला की हा संशय घ्या.
- ‘आय थिंक ही इज राइट’: ‘दॅट’ गाळलं आहे.
- ‘हॅड आय नोन, आय वुड हॅव कम’: ‘इफ’ गाळून क्रियापद पुढे आणलं आहे. पत्रव्यवहारातलं ‘शुड यू नीड एनी हेल्प’ हेही तसंच.

दुवे जास्त झाले, तर त्यातले काही दुवे नसतात. ‘राइस अँड डाळ’मधलं ‘अँड’ दोन नामांना जोडतं. ‘आफ्टर लंच’मधलं ‘आफ्टर’ शब्दयोगी आहे, कारण त्याच्यानंतर नुसतं नाम आहे. ‘सो… दॅट’, ‘आयदर… ऑर’, ‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’ या जोड्या एकच दुवा धरायच्या.

मराठीत मिश्र वाक्य जोडीनं चालतं: जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जो-तो. इंग्रजी बहुतेक वेळा एकाच शब्दावर भागवते. ‘ऑल्दो’ आलं की पुढे ‘बट’ घालायचं नाही, ‘द मॅन हू केम’नंतर पुन्हा ‘ही’ घालायचं नाही. पृथक्करण करताना दुसरा दुवा कुठे गेला म्हणून शोधत बसू नका. तो तिथे नसतोच.

४. कंस घाला: उपवाक्य कुठे सुरू होतं, कुठे संपतं

उपवाक्य दुव्यापासून सुरू होतं. एक अपवाद ध्यानात ठेवा: ‘द हाउस इन विच शी लिव्ह्ड’मध्ये ‘विच’च्या आधीचं ‘इन’सुद्धा कंसात घ्यावं लागतं.

संपतं कुठे, हे ओळखणं अवघड. गणितात आतला कंस आधी सोडवतो, तसंच इथे करा. सगळ्यात आतलं उपवाक्य पेन्सिलीनं झाकून उरलेलं वाक्य वाचा. ते नीट वाचता आलं, तर कंस बरोबर पडला. कर्ता आणि त्याचं क्रियापद यांच्यामध्ये उपवाक्य घुसलेलं असतं तेव्हा हे झाकणं फार उपयोगी पडतं: ‘द मॅन हू लिव्ह्ज नेक्स्ट डोअर टीचेस म्युझिक.’ ‘हू लिव्ह्ज नेक्स्ट डोअर’ झाका. ‘द मॅन टीचेस म्युझिक’ स्वच्छ उरतं.

झाकल्यावर वाक्य लंगडं पडलं, उदाहरणार्थ ‘आय नो…’ एवढंच उरलं, तर घाबरू नका. ते उपवाक्य बहुधा नामवाक्य आहे आणि त्याच्याविना मुख्य वाक्याला कर्म किंवा कर्ता उरत नाही. ही खूण पुढच्या पायरीत कामी येते.

५. काम विचारा: नाम, विशेषण की क्रियाविशेषण

तीन कसोट्या, याच क्रमानं:

उपवाक्य काढून तिथे ‘इट’ किंवा ‘समथिंग’ ठेवता येतं का? येत असेल तर नामवाक्य. ते कर्ता असू शकतं (‘व्हॉट ही सेड सरप्राइज्ड मी’), कर्म असू शकतं (‘आय नो दॅट ही लाइड’), पूरक असू शकतं (‘द ट्रबल इज दॅट वी आर लेट’) किंवा शब्दयोगी अव्ययानंतर येऊ शकतं (‘इट डिपेंड्स ऑन हाऊ यू आस्क’).

ते आधीच्या एखाद्या नामाला चिकटून ‘कोणता’ याचं उत्तर देतं का? मग विशेषणवाक्य.

यांपैकी काहीच नसेल आणि ते केव्हा, कुठे, का, कशासाठी, कोणत्या अटीवर, काय असूनही, किती हे सांगत असेल, तर क्रियाविशेषणवाक्य.

उत्तर लिहिताना नुसतं ‘नामवाक्य’ लिहून थांबू नका. ते कोणाचं कर्म, कोणत्या नामाचं विशेषण, कोणत्या क्रियापदाशी संबंधित, हे लिहिलं तरच पृथक्करण पूर्ण झालं. परीक्षकाला बघायचं असतं तेही हेच.

६. ‘दॅट’पाशी थांबा

सगळ्यात जास्त गोंधळ या एका शब्दामुळे होतो आणि इथेच मराठी सगळ्यात जास्त कामाला येते. ही जोडी बघा:

‘द रूमर दॅट द बँक हॅड डिनाइड’
‘द रूमर दॅट द बँक हॅड क्लोज्ड’

दोन्हींत नाम तेच, दुवा तोच, रचना वरवर तीच. आता मराठीत म्हणा. पहिलं: बँकेनं नाकारलेली अफवा. दुसरं: बँक बंद पडल्याची अफवा. ‘नाकारलेली’ आणि ‘पडल्याची’ हे प्रत्यय आपोआप वेगळे आले. ‘-लेली’ आलं तिथे विशेषणवाक्य आहे. ‘-ल्याची’ आलं तिथे अफवेचा मजकूरच सांगितला आहे, म्हणून ते त्या नामाचं समानाधिकरण (त्याच गोष्टीला दुसऱ्या शब्दांत सांगणारं) नामवाक्य.

इंग्रजीच्या बाजूनंही ताळा करून घ्या. पहिल्यात ‘दॅट’ऐवजी ‘विच’ चालतं आणि उपवाक्यात एक जागा रिकामी आहे: बँकेनं काय नाकारलं, ते आत सांगितलेलं नाही, ते बाहेरच्या ‘रूमर’मध्ये आहे. दुसऱ्यात ‘विच’ चालत नाही आणि ‘द बँक हॅड क्लोज्ड’ स्वतःच्या पायावर उभं राहतं. ‘फॅक्ट, न्यूज, बिलीफ, होप, आयडिया, रूमर’ या नामांनंतर ‘दॅट’ आलं की ही परीक्षा घ्याच.

‘दॅट’ची बाकीची कामंही मराठी अशीच वेगळी करते.

‘ही स्पोक सो फास्ट दॅट नोबडी अंडरस्टूड.’ तो इतका भरभर बोलला, की कुणाला समजलं नाही. ‘इतका… की’ आलं, म्हणजे परिणामवाचक.

‘ही स्पोक स्लोली सो दॅट एव्हरीबडी कुड अंडरस्टँड.’ सगळ्यांना समजावं म्हणून तो सावकाश बोलला. ‘समजावं म्हणून’ आलं, म्हणजे उद्देशवाचक.

‘इट वॉज इन पुणे दॅट शी मेट हिम.’ ती त्याला पुण्यातच भेटली. या ‘च’कडे लक्ष द्या. वाक्यातल्या एका भागावर भर देण्यासाठी इंग्रजीनं वाक्य फोडून दोन क्लॉज केले, मराठीनं तेच काम एका अक्षरात केलं. याला क्लेफ्ट वाक्य म्हणतात. ‘इट वॉज’ आणि ‘दॅट’ खोडल्यावर उरलेल्या शब्दांचं धड वाक्य जुळलं, तर ते क्लेफ्ट. ‘इट इज ट्रू दॅट ही लेफ्ट’मध्ये तसं खोडून बघा, ‘ट्रू ही लेफ्ट’ असं काहीतरी उरतं. म्हणजे ते क्लेफ्ट नाही, तिथे खरा कर्ता ‘दॅट ही लेफ्ट’ आहे आणि ‘इट’ त्याची जागा धरून बसलं आहे.

७. ‘व्हेन’, ‘इफ’ आणि ‘सिन्स’

‘व्हेन’ दिसलं की क्रियाविशेषणवाक्य, असा ठोकताळा बऱ्याच गाइडांमध्ये असतो. तो विसरून जा.

‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम.’ तो कधी येईल, मला माहीत नाही. नामवाक्य.
‘व्हेन ही कम्स, टेल मी.’ तो येईल तेव्हा मला सांग. क्रियाविशेषणवाक्य.
‘द डे व्हेन ही केम वॉज अ संडे.’ तो आला तो दिवस रविवार होता. विशेषणवाक्य.

मराठीत ‘कधी’ आलं की नामवाक्य, ‘जेव्हा-तेव्हा’ किंवा ‘आल्यावर’ आलं की क्रियाविशेषणवाक्य. इंग्रजीत काळही साक्ष देतो: भविष्याबद्दल बोलताना कालवाचक क्रियाविशेषणवाक्यात सहसा ‘विल’ येत नाही, नामवाक्यात येतं.

‘इफ’चंही तसंच. ‘का’ आलं तर नामवाक्य (तो आला का ते विचार), ‘तर’ आलं तर अट. ‘सिन्स’चं भाषांतर ‘गेल्यापासून’ झालं तर काळ, ‘गेल्यामुळे’ झालं तर कारण.

८. स्वल्पविराम गाळू नका

‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन नागपूर’ म्हटलं की भाऊ एकाहून अधिक आहेत आणि त्यातल्या नागपूरच्या भावाबद्दल बोलणं चाललं आहे. ‘माय ब्रदर’नंतर स्वल्पविराम पडला की भाऊ कोण हे आधीच ठरलेलं आहे आणि नागपूर ही जास्तीची माहिती. करारात किंवा विमा पॉलिसीत या एका चिन्हानं अट कोणाला लागू होते तेच बदलू शकतं. वाक्य उतरवून घेताना चिन्हं जशीच्या तशी उतरवा.

शिवाय ‘ही केम लेट, विच अनॉइड एव्हरीबडी’मध्ये ‘विच’ कोणत्याही एका नामाला चिकटलेलं नाही. त्याचं उशिरा येणं या सगळ्या घटनेकडे ते बोट दाखवतं. तिथे उगाच एखादं नाम शोधून त्याला जोडू नका.

९. एक वाक्य पूर्ण सोडवून बघू

‘द क्लार्क हू टुक माय फॉर्म सेड दॅट इफ द सर्टिफिकेट आय हॅड अटॅच्ड वॉज नॉट व्हॅलिड, द ऑफिस वुड रिटर्न इट.’

फायनाइट क्रियापदं: टुक, सेड, हॅड अटॅच्ड, वॉज, वुड रिटर्न. पाच.
दुवे: हू, दॅट, इफ. तीनच. चार हवेत. लपलेला चौथा ‘सर्टिफिकेट’ आणि ‘आय’ यांच्यामध्ये आहे.

आता आतून बाहेर या. ‘आय हॅड अटॅच्ड’ झाका. मग ‘इफ द सर्टिफिकेट वॉज नॉट व्हॅलिड’ झाका. उरतं ‘दॅट द ऑफिस वुड रिटर्न इट’. ‘दॅट’ आणि ‘इफ’ शेजारी शेजारी आले की मुलं ‘दॅट’ला ‘वॉज’शी बांधतात. झाकून वाचलं की लगेच दिसतं, ‘दॅट’चं क्रियापद पलीकडे, स्वल्पविरामानंतर आहे.

उत्तर असं मांडा:

- द क्लार्क सेड: मुख्य वाक्य.
- हू टुक माय फॉर्म: विशेषणवाक्य, ‘क्लार्क’ या नामाचं.
- दॅट द ऑफिस वुड रिटर्न इट: नामवाक्य, ‘सेड’चं कर्म.
- इफ द सर्टिफिकेट वॉज नॉट व्हॅलिड: अटवाचक क्रियाविशेषणवाक्य, ‘वुड रिटर्न’शी संबंधित.
- (दॅट) आय हॅड अटॅच्ड: विशेषणवाक्य, ‘सर्टिफिकेट’चं.

याचं मराठी करून बघा: माझा अर्ज घेणारा कारकून म्हणाला, की मी जोडलेला दाखला ग्राह्य नसेल तर कार्यालय अर्ज परत पाठवेल. ‘घेणारा’ आणि ‘जोडलेला’ ही दोन्ही विशेषणवाक्यं मराठीत धातुसाधितं झाली. म्हणूनच मराठीवरून क्लॉज कधी मोजायचे नाहीत. मराठीत इथे तीन वाक्यं भरतील, इंग्रजीत पाच आहेत. (तसंच मूळ वाक्यातलं ‘इट’ अर्जासाठी आहे की दाखल्यासाठी, हे व्याकरण सांगत नाही. मराठी करताना मला एक निवडावं लागलं.)

यादीऐवजी आकृती काढायला आवडत असेल, तर अमेरिकेत अलोन्झो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग यांनी १८७७ मध्ये मांडलेली रेघांची पद्धत शिकून घ्या. आडवी रेघ मुख्य वाक्याची, उभी रेघ कर्ता आणि क्रियापद तोडणारी, उपवाक्यं तुटक रेघेनं खाली लटकवलेली. पाहून लक्षात राहणाऱ्यांना ती फार मानवते.

१०. दुसरी फेरी: धातुसाधितांचा कर्ता कोण

आधुनिक पद्धतीनं पृथक्करण करायचं असेल, तर आता धातुसाधितांकडे वळा. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: हे करणारा कोण?

भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांच्यामुळे प्रसिद्ध झालेली जोडी घ्या. ‘जॉन इज ईगर टू प्लीज.’ ‘जॉन इज ईझी टू प्लीज.’ दिसायला जुळी भावंडं. मराठीत: जॉन लोकांना खूश करायला उत्सुक आहे, जॉनला खूश करणं सोपं आहे. एका वाक्यात ‘जॉन’, दुसऱ्यात ‘जॉनला’. पहिल्यात तो ‘प्लीज’चा कर्ता, दुसऱ्यात कर्म. इंग्रजीनं जे झाकून ठेवलं, ते आपल्या ‘ला’नं उघडं केलं.

‘वॉकिंग डाउन द रोड, द ट्रीज लुक्ड ब्यूटिफुल’ या वाक्याला हाच प्रश्न विचारा. चालणारा कोण? व्याकरणाच्या हिशोबानं झाडं. अशा लोंबकळणाऱ्या धातुसाधितांवर स्पर्धा परीक्षांत ‘चूक शोधा’ प्रकारचे प्रश्न येतात.

या फेरीसाठी राज्यघटनेच्या उद्देशिकेइतकं चांगलं वाक्य नाही. इंग्रजी उद्देशिका हे सलग एकच वाक्य आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनंतरच्या रूपात, १९४९ हा आकडा धरून, त्यात ८५ शब्द भरतात. कर्ता ‘वी’ पहिलाच शब्द. त्याचं फायनाइट क्रियापद ‘डू’ येतं ७६ वा शब्द म्हणून. मधल्या ७४ शब्दांत एकही फायनाइट क्रियापद नाही. ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे ‘वी’चं समानाधिकरण. ‘हॅविंग सॉलेम्नली रिझॉल्व्ड’ हे धातुसाधित, त्याचा कर्ता तोच ‘वी’. त्यावर टांगलेले ‘टू कॉन्स्टिट्यूट’, ‘टू सिक्युअर’ आणि ‘टू प्रमोट’. ‘फ्रॅटर्निटी’ला जोडलेलं ‘अशुअरिंग’. आणि शेवटी ‘डू हिअरबाय अडॉप्ट, इनॅक्ट अँड गिव्ह’: एका ‘डू’वर तीन क्रिया.

शाळेच्या पद्धतीनं हे एका क्लॉजचं वाक्य आहे. आधुनिक पद्धतीनं त्यात एकात एक बसवलेले कितीतरी नॉन-फायनाइट क्लॉज आहेत. शेजारी मराठी उद्देशिका ठेवा. ‘हॅविंग रिझॉल्व्ड’च्या जागी ‘निर्धार करून’ आहे, आणि ‘आम्ही’चं क्रियापद ‘अर्पण करत आहोत’ अगदी शेवटी. ‘आम्ही’ म्हटल्यावर क्रियापदासाठी शेवटपर्यंत थांबणं आपल्याला नवीन नाही. इंग्रजी वाचतानाही तीच सवय वापरायची आहे.

११. सराव कसा ठेवायचा

गाइडमधली वाक्यं बेतून केलेली असतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यापुरती ठीक. नंतर घटनेतले अनुच्छेद, इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख, बँकेचं किंवा भाड्याच्या घराचं करारपत्र घ्या. दिवसाला एकच वाक्य, पण दोन ते चारपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या कागदावर. डोळ्यांनी सोडवलेलं वाक्य सोडवलेलं धरू नका.

ताळा करायचा असेल, तर प्रत्येक उपवाक्याचं स्वतंत्र साधं इंग्रजी वाक्य लिहा. ‘द क्लार्क टुक माय फॉर्म. आय हॅड अटॅच्ड अ सर्टिफिकेट.’ असं लिहिताना एखादं वाक्य अर्धवट राहिलं, तर कंस चुकीच्या जागी पडला आहे.

काही वाक्यांना दोन उत्तरं खरोखरच असतात. ‘टेल मी इफ ही कम्स’चं मराठी ‘तो येतो का ते सांग’ होतं आणि ‘तो आला तर सांग’ही होतं. आजूबाजूचा मजकूर दिला असेल तर त्यावरून ठरवा. नसेल तर दोन्ही उत्तरं लिहा आणि प्रत्येकापुढे एका ओळीत कारण द्या. बहुपर्यायी प्रश्नात तसं करता येत नाही. तिथे पर्याय वाचून दोन्ही अर्थांपैकी कोणता त्यात बसतो ते बघा, आणि दोन्ही बसत असतील तर प्रश्न बाजूला ठेवून पुढे जा.